खांबाची पलीकडची बाजू

"ओ बाई, तुमचा रंग आमच्या देशात आला की!"

मोजणीबाईने दचकून वर पाहिलं. खांबाच्या पलीकडे एक उंच, सावळा मोजणीदार ब्रश हातात घेऊन हसत उभा होता. दोन देशांच्या सीमेवरचे खांब दरवर्षी दोन्हीकडच्यांनी मिळून तपासायचे आणि प्रत्येक खांब अर्धा-अर्धा रंगवायचा, तोही एकाच वेळी, अशी रीत होती. उद्या कुणी कुणाकडे बोट दाखवायला नको! भाषा दोन्हीकडे एकच, त्यामुळे भांडायचीही सोय होती. आणि आज तिच्या ब्रशचा एक ओघळ रेषा ओलांडून गेला होता.

"मग पाठवा निषेधाचा खलिता," ती म्हणाली.

"छे! आलंय ते आम्ही ठेवून घेतो."

तिचे कान तापले. वारं सुटलं होतं, रंगाचा वास नाकात बसला होता, आणि पुढच्या खांबापर्यंत ती उगीचच हसत होती.

पुढच्या वर्षी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही वर्षी.

"टेप ताठ धरा," ती दटावायची.

"मी धरलाय हो... तुम्हीच ओढताय."

मनातलं मात्र दोघांच्याही ओठांवर यायचं आणि तिथूनच माघारी फिरायचं. वर्षभर वाट पाहायची आणि चार दिवस चेष्टामस्करीत घालवायचे. वेडीच होती दोघं!

मग दोन्ही सरकारांचं चांगलंच जमलं. गैरसमजातून झालेल्या गोळीबारात ओढ्याकाठी गुरं चारणारी माणसं गेली होती. तसं पुन्हा घडू नये म्हणून करार झाला. खांबांवर कॅमेरे बसणार, म्हणजे खांबांची वारी बंद. शिवाय दोन्ही देशांनी एकमेकांच्या सुरक्षा कार्यालयात आपला एकेक माणूस बसवायचा. त्याने तीन वर्षं तिथेच राहायचं, सीमा ओलांडायची नाही. नावं जायच्या दिवशीच जाहीर होणार, तोवर घरच्यांपलीकडे कुणापाशी बोलायचं नाही.

मोजणीबाईने अर्ज केला आणि निवडही झाली.

"एवढं काय सोनं लागलंय तिकडे?" आई चिडून म्हणाली. मोजणीबाई बॅग भरत राहिली. तिचं सोनं तिकडेच होतं. त्याच्या दारात अचानक जाऊन उभं राहायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

जायच्या दिवशी सीमेच्या फाटकात ती बॅग घेऊन पोचली. समोरून तो येत होता. त्याच्याही हातात बॅग होती.

"तुम्ही... कुणाला सोडायला आलात?" तिने विचारलं.

"नाही हो. मी तुमच्याकडे येतोय. तीन वर्षं!" तो खुशीत म्हणाला. मग त्याचं लक्ष तिच्या बॅगेकडे गेलं. "आणि तुम्ही—?"

"मी तुमच्याकडे चाललेय."

तो आधी हसला. मग ते हसू चेहऱ्यावरच विरलं.

"एका शब्दाने बोलली असतीस तर..."

"तू बोललास?"

पहिल्यांदाच दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर आली होती, आणि तीही अशी.

"नाव मागे घेऊ?" तो कुजबुजला.

"आज? लोक का म्हणून विचारतील. एवढ्या मुश्किलीने विश्वास बसलाय रे दोन्ही देशांचा... आपल्यामुळे मोडायला नको."

"तू आवडतेस मला. हेच सांगायला निघालो होतो."

"मला तरी दुसरं काय सांगायचं होतं?"

"हात मिळवा, फोटो घ्यायचाय!" निरोपाला आलेले एक साहेब ओरडले. त्याने तिचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्याचा हात गार पडला होता. तिला तो सोडवेना.

"झाला फोटो, पुरे!" साहेब म्हणाले. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो इकडे आला, ती तिकडे गेली. फाटक लागलं. आता तीन वर्षं काढायची होती.

त्याच्या देशाच्या बाजूला, फाटकाजवळ एक म्हातारी बाई डोळे पुसत उभी होती. तिने मोजणीबाईचं मनगट धरलं.

"तू तिकडचीच ना गं? आत्ता गेला तो माझा मुलगा. तिकडच्या एका मुलीत जीव अडकलाय त्याचा, म्हणून गेलाय. खांब मोजते म्हणे. तू ओळखतेस का तिला?"

"ओळखते," ती म्हणाली.

"त्याला सांभाळून घेईल ना ती?"

 मोजणीबाईने त्या माउलीच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि ती हुंदके देऊन रडू लागली.