काठावरचं माणूस

तो निघाला की आपण निघायचं, असं तिने केव्हाचं ठरवून टाकलं होतं. आणि तो बाबा काही निघायचं नाव घेईना! पोहण्याच्या तलावाच्या उथळ टोकाला, कठड्याची दांडी दोन्ही हातांनी धरून नुसता उभा. पोहणं नाही, डुबकी नाही, काही नाही. सकाळच्या वर्गातले सगळे कपडे बदलून घरी गेले, पाणी शांत झालं, तरी एका कोपऱ्यात तो आणि दुसऱ्या कोपऱ्यात मानेपर्यंत बुडालेली ती.

“तुम्हाला... उशीर होत नाहीये का?” तिने शेवटी विचारलंच.

“मला? छे! तुम्हाला?”

“मला कसला उशीर...” बोलता बोलता तिचे दात वाजले.

“थंडी वाजतेय तुम्हाला.”

“नाही हो, ताल धरतेय.”

तो खळखळून हसला. हसतानाही दांडीवरचा हात मात्र सुटला नाही, हे तिच्या नजरेतून निसटलं नाही. तेवढ्यात कोचबाईंनी शिट्टी फुंकली, तो दचकून तिकडे वळला, आणि हिने ती संधी साधून टॉवेल गुंडाळला नि अशी धूम ठोकली की विचारू नका.

आता एवढं लपवण्यासारखं होतं काय? तर मांड्या. मांड्यांवर बारीक बारीक खळगे होते, संत्र्याच्या सालीवर असतात तसे. वहिनीबरोबर पोहण्याचा पोशाख घ्यायला गेली, तेव्हा दुकानाच्या तीन आरशांच्या खोलीत, वरून पडणाऱ्या पांढऱ्याफटक उजेडात ते पहिल्यांदा नीट दिसले. वहिनी सहज म्हणाली, “अगबाई, हे काय गं?” वहिनी विसरून गेली. हिच्या मनात ते वाक्य घर करून बसलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं. याला सेल्युलाइट म्हणतात, आजार नाही, कितीतरी बायकांना असतं. दिवसभर बसून राहू नकोस, चाल, पोह, जिने चढ. मीठ-साखर बेतानं खा, पाणी पी, झोप काढ. अंग घट्ट झालं की कमी दिसतं, पण पार पुसलं जाईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. हिने बाकी सगळं ऐकलं, शेवटचं तेवढं कानाआड केलं. वेफर्स सोडले, लिफ्ट सोडली, वहिनीने आणलेल्या कोरड्या ब्रशने रोज पाय घासले. “अगं, पाय आहेत ते, भांडी नव्हेत!” वहिनी ओरडायची. पाय हलके झाले, दम वाढला, झोप छान लागायला लागली... पण खळगे जरा फिके झाले, इतकंच.

आणि आता हा कठडेसाहेब! हे नाव तिनेच ठेवलं होतं. रोज सगळे गेल्यावर दोघंच उरायचे. तो विनोद करायचा, ती हसायची, बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत गप्पा चालायच्या. तिचा चेहरा तेवढाच त्याने पाहिला होता. जसजसं त्याच्या डोळ्यांत तो चेहरा आवडल्याचं दिसायला लागलं, तसतशी ही पाण्यात आणखी हनुवटीपर्यंत खाली सरकायची. बाकीचं पाहिल्यावर?

“एक सांगू?” एक दिवस तो म्हणाला. “हसायचं नाही. मला पोहता येत नाही. फेरीबोटीवर नोकरी मिळतेय, पण तलावाची एक लांबी पोहून दाखवावी लागते. तुमच्यासमोर गटांगळ्या नकोत, म्हणून तुम्ही जायची वाट बघत होतो... तर तुम्ही जातच नाही!”

ती इतकी हसली की नाकात पाणी गेलं.

“मग मला वाटायला लागलं,” तो हळूच म्हणाला, “की तुम्ही माझ्यासाठी थांबता...”

तिचे कान गरम झाले. “मला— पाणी आवडतं,” ती म्हणाली. एवढं धडधडीत खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. थंडीने रोज हुडहुडी भरत होती तिला!

कोचबाईंनी त्याला उथळ पाण्यात हातपाय मारायला शिकवलं, आणि परीक्षा आली. कोचबाईंचा एक नियम होता, खोल पाण्यातली पहिली लांबी एकट्याने पोहायची नाही. हातात लांब बांबू घेऊन कुणीतरी काठाने बरोबरीने चालायचं. बुडायला लागला तर बांबू पुढे करायचा. ते माणूस ज्याचं त्याने निवडायचं.

“तुम्ही याल?” त्याने विचारलं.

काठाने! भर उन्हात, तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तो खाली पाण्यात. दर श्वासाला मान वळवून वर बघणार. त्याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती.

“मला... काम आहे त्या दिवशी.”

“बरं,” तो म्हणाला. एवढंच. पण त्याचा चेहरा असा उतरला की तिला स्वतःचीच चीड आली.

तिचं काम होतं तिच्या मामाकडे, दातांच्या कवळ्या बनवायचं. दिवसभर स्टुलावर बसून गुलाबी मेणाच्या हिरड्या घासायच्या, बोट फिरवून उंचवटा शोधायचा. त्या दुपारी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. घासत राहिली, घासत राहिली... मामाने कवळी खिडकीपाशी नेली आणि कपाळाला हात लावला.

“अगं कार्टे, ठिपके कुठे गेले हिरडीवरचे?”

“घासले गेले वाटतं...”

“घासले गेले! हिरडी संत्र्याच्या सालीसारखी दिसायला हवी, दहा वेळा सांगितलंय! इतकी गुळगुळीत हिरडी जिवंत माणसाची असते का? तोंड उघडल्याबरोबर लोक म्हणतील, खोटी आहे. बस आता, आणि ब्रश टोचून टोचून परत कर!”

ती ब्रश घेऊन बसली. गुलाबी मेणावर एक एक खळगा उठवता उठवता तिला आधी हसू आलं, मग एकदम रडूच कोसळलं. मामा घाबरला. “अगं, रडतेस काय? एक कवळी बिघडली तर आभाळ नाही कोसळत!”

परीक्षेच्या सकाळी ती कपडे बदलून, टॉवेल गुंडाळून धावतपळत आली, तेव्हा तो एकटाच उभा होता, ओठ पांढरे पडलेले. काठावर कोचबाई स्वतः बांबू धरून तयार होत्या.

“बाई... द्या इकडे,” ती म्हणाली.

बांबू जड होता, दोन हातांशिवाय पेलेना. टॉवेल धरायला तिसरा हात कुठून आणणार? क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग तिने टॉवेल सोडून दिला. तो घरंगळून सरळ पाण्यातच पडला.

शिट्टी झाली. त्याने दांडी सोडली.

तो हात मारत होता, ती चालत होती. दर श्वासाला त्याचा चेहरा वर यायचा, डोळे थेट तिच्याकडे... ऊन मांड्यांवर पडलं होतं. अर्ध्यावर तिला ते सहन होईना. पाय जागच्या जागी थांबले, एक हात नकळत मांडी झाकायला गेला.

पाण्यात त्याचा ताल चुकला. तोंडात पाणी गेलं, एक हात हवेत उडाला. कोचबाई धावल्या.

“चाल...!” तो कसाबसा ओरडला. “थांबू नकोस, चाल!”

ती चालली. झाकायचं-बिकायचं विसरून, बांबू सरसावून, “ये, ये, आलंच, ये!” असं ओरडत चालली. पलीकडच्या भिंतीला त्याचा हात लागला तेव्हा कोचबाईंपेक्षा हिचीच आरोळी मोठी होती.

मग ती काठावर बसली. तो खाली दांडी धरून धापा टाकत होता. त्याचा चेहरा अगदी तिच्या गुडघ्यापाशी.

“दिसलं ना?” तिने विचारलं.

“काय?”

“मांड्यांवरचे खळगे. त्यासाठीच... रोज पाण्यात थांबायचे मी. तुझ्यासाठी नाही.”

त्याने पाहिलं. नीट पाहिलं, उगाच नजर चुकवली नाही.

“दिसले,” तो म्हणाला. “खोटं कशाला सांगू? पण तू थांबलीस ना, तेव्हा जीवच गेला होता माझा. चालायला लागलीस, तेव्हा परत आला.”

“आणि... वाईट दिसतात?”

“रोज बघायला मिळाले, तर विचार करून सांगतो.”

“रोज? तू तर चाललास बोटीवर.”

“फेरीबोट आहे बाईसाहेब. संध्याकाळी परत येते. रोज.”

तिचे डोळे भरून आले आणि हसूही फुटलं. टॉवेल तरंगत पार मध्यावर गेला होता. आणायची घाई दोघांनाही नव्हती.

“निघ आता बाहेर,” ती म्हणाली. “कुडकुडतोयस.”

“आधी तू,” तो सवयीने बोलून गेला.

“मी?” ती म्हणाली आणि उन्हात पाय लांब पसरून बसली. “मी तर केव्हाची बाहेर आहे.”