हरलेल्यांना आधी

“ऐका ना... इथे जवळपास खायला कुठे मिळेल?”

बेकरीतून आणलेली पावांची टोपली तिने एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मागे वळून पाहिलं. धुकं इतकं दाट होतं, की आधी दिसला तो हिरवा मफलर, मग त्यातून डोकावणारं लाल नाक आणि मग बाकीचा माणूस.

सामन्याच्या दिवशी हा प्रश्न तिला नवा नव्हता.

“चौकात गाडीवर तळलेले बटाटे मिळतात,” ती म्हणाली, “पण तोंडात जाईपर्यंत गार होतात. पुलापाशी मोठं हॉटेल आहे, ते तुमचा मफलर बघूनच दार लावून घेतील. तिकिटाच्या खिडकीजवळचा सँडविचवाला मात्र कुणालाही देतो. त्याला कालचं खपवायचं असतं.”

“म्हणजे हिरव्या मफलरवाल्याने उपाशीच मरायचं?”

“आमच्याकडे या. स्टेडियमच्या मागच्या गेटासमोर, निळं दार. पण सामना संपल्यावर. हरलात तर लगेच वाढू.”

“आणि जिंकलो तर?”

“तर थांबावं लागेल.”

तो हसला. “ही धमकी समजू की आमंत्रण?”

“नियम आहे,” ती म्हणाली, आणि पाव ऊन आहेत तोवर पोचायला हवं म्हणून भराभर चालू लागली. मागे वळून बघायचा मोह तिने गल्लीच्या वळणापर्यंत आवरला. वळणावर मात्र...

नियम तिच्या बाबांचा होता. त्यांची खाणावळ लहान. घेवड्याचं दाट सूप, पाव, उकडलेले बटाटे, कांद्यावर परतलेली अंडी, एवढंच तिथे मिळे. पण साऱ्या गल्लीत दोन्ही बाजूंची माणसं एका छपराखाली बसत ती फक्त तिथेच. सामना संपला की बाबा डाव घेऊन पातेल्याशी उभे राहत आणि हरलेल्यांना आधी वाढत. जिंकलेले गाणी म्हणत, टेबलं बडवत, कुरकुर करत थांबत.

“जिंकलेला काय, वाऱ्यावरही जगेल,” बाबा म्हणायचे. “हरलेल्याच्या पोटात खड्डा पडलेला असतो. त्याला आधी.”

संध्याकाळी निळं दार उघडलं आणि हिरवा मफलर आत आला. मान खाली, खांदे पडलेले. शेगडीजवळच्या टेबलापाशी तो बसला. तिने पहिली ताटली त्याच्यापुढे ठेवली.

“चार गोल खाऊन आलोय,” तो पुटपुटला. “आता काय जाणार पोटात.”

“चारच ना? मग आहे अजून जागा.”

त्याने वर पाहिलं. सुपाची वाफ दोघांच्या मधे होती, त्यामुळे कोण आधी हसलं ते कळलं नाही. बाबांना मात्र कळलं असावं, कारण त्यांनी उगाचच पातेलं ढवळलं.

बाहेरगावचा संघ म्हणजे पाहुणा संघ, म्हणून तो झाला ‘पाहुणे’. आत्याने हे नाव पाडलं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण; स्वयंपाकघर तिच्या ताब्यात असे आणि जीभ कुणाच्याच ताब्यात नसे. “तुझे पाहुणे आले गं,” ती आतून ओरडायची, आणि सगळी खाणावळ वळून बघायची. लिफ्ट दुरुस्त करायचं काम होतं त्याचं. “माणसं अडकली की मला आठवतात,” असं तो सांगायचा.

“आणि तुम्हाला कुणी कधी आठवतं?” तिने एकदा विचारलं होतं.

“अडकलो की तू.”

त्या एका वाक्यावर तिने अख्खा उन्हाळा काढला.

हिरव्यांचा सामना त्या मैदानावर हंगामातून एकदाच असायचा. मधल्या काळात फोनवर निरोप. ‘आज पुन्हा हरलो. तुझं सूप हवं होतं.’ ती उत्तर द्यायची, ‘पातेलं इतक्या लांब येत नाही. तुम्हीच या.’ मग रात्रभर गप्पा... लिफ्टमध्ये अडकलेल्या नवरदेवाची गोष्ट, बाबांच्या गुडघ्याची तक्रार, आणि मधूनच नुसतंच ‘हं’, ज्याचा अर्थ दोघांनाही ठाऊक असायचा. निदान तिला तसं वाटायचं.

गेल्या हंगामात तो पुन्हा हरून आला. सगळे निघून गेले तरी बसून राहिला. मग उठून तिच्याबरोबर ताटल्या पुसू लागला. ताटली घेता-देता बोटाला बोट लागलं. दोघांनीही काढलं नाही.

“काका,” तो अचानक म्हणाला, “मला तुमच्याशी बोलायचंय. हिच्याबद्दल...”

बाबांनी डाव खाली ठेवला नाही. “हरलेला माणूस काहीही मागतो बाबा,” ते म्हणाले. आवाज प्रेमळ होता. “तेव्हा त्याला ऊब हवी असते. एकदा जिंकून ये. जिंकल्यावरही हेच मागावंसं वाटलं, तर नाही म्हणणारा मी कोण?”

“ठरलं,” तो म्हणाला. दारातून तिच्याकडे वळून एक डोळा मिचकावला. “काका, पातेलं मोठं घ्या पुढच्या वेळी.”

तो गेल्यावर ती बाबांवर उखडली. “त्यांचा संघ कधी जिंकायचा नाही हे माहीत आहे तुम्हाला.”

“संघाचं मला काय,” बाबा म्हणाले. “मला पोराचं बघायचंय.”

ते बघायला बाबा राहिले नाहीत. थंडीत, एका साध्या मंगळवारी, शेगडी पेटवून बसले ते बसलेच.

त्यानंतर पहिल्यांदा सूप केलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की मीठ किती घालायचं हे तिला माहीतच नाही. बाबा मुठीच्या अंदाजाने टाकायचे, आणि त्यांची मूठ मोठी होती. सूप अळणी झालं. गिऱ्हाइकांनी मुकाट्याने खाल्लं. कुणीतरी एक शब्द बोललं असतं तर तिला रडता तरी आलं असतं.

फोन हातात घेऊन तिने लिहिलं, ‘बाबा गेले.’ मग पुसलं. हिरवे या हंगामात जिंकत सुटले होते, आणि पाहुण्यांचे निरोप विरळ होत होत थांबले होते. कामात असतील, ती म्हणाली. आत्या काही म्हणाली नाही. आत्याने काही न म्हणणं हे फार मोठं म्हणणं होतं. तिने ऐकलं नाही. समोर आले की सांगू, तिने ठरवलं. असली गोष्ट फोनवर सांगू नये.

मग तो दिवस आला. पुन्हा धुकं होतं. तिने बाबांचा ॲप्रन दारामागून काढला, दोनदा गुंडाळून कमरेला बांधला.

खाणावळीतून सामना दिसायचा नाही, ऐकू यायचा. आपल्या लोकांचा गोल झाला की भिंतीवरच्या पळ्या खिळ्यांवर वाजायच्या. समोरच्यांनी केला तर सगळं मैदान गप्प, आणि एका कोपऱ्यातून तेवढा आरडाओरडा. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या शांततेची वाट बघत होती. ज्या शेजाऱ्यांच्या खांद्यावर बसून लहानपणी मैदान पाहिलं, त्यांच्या संघाने हरावं म्हणून पातेल्याशी मनातल्या मनात हात जोडत होती. तिला लाजही वाटली, पण तिने हात सोडले नाहीत.

पळ्या वाजल्या नाहीत. शेवटाकडे सगळं थांबलं आणि दूरच्या कोपऱ्यातून आवाज उठला.

“गेला वाटतं आपला सामना,” आत्या म्हणाली. मग तिच्या तोंडाकडे बघून, “कांदा चिर.”

आपले लोक आले. नेहमीचे शेजारी, माना खाली घालून. तिने त्यांना आधी वाढलं. एक थेंब सांडू दिला नाही. मग थोडे हिरवे आले, गात-ओरडत, आणि थांबून राहिले. दर वेळी दार वाजलं की तिचा डाव अर्ध्यावर अडायचा.

आणि मग दार अर्धंच उघडलं. एक हात दाराच्या मुठीवर, एक पाय बाहेर. चेहऱ्यावर हिरवा रंग, आवाज बसलेला.

“बघितलंस? जिंकलो!”

“ऐकलं.” तिला हसू फुटलं. “या आत. पण आज थांबावं लागेल हं.”

“किती वेळ?”

“थोडाच. एवढं टेबल झालं की तुमचंच.” शेगडीजवळची खुर्ची तिने सकाळपासून रिकामी ठेवली होती. तिने ती जराशी ओढली.

बाहेरून हाका येत होत्या. त्याने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. “बसवर सगळे थांबलेत गं... गाणी चाललीयेत, आज कुणी ऐकायला तयार नाही. पुढच्या वेळी निवांत बसतो. नक्की.”

ॲप्रनच्या गाठीशी तिचा हात गेला. एकदा नीट बघितलं असतं, तर तो ॲप्रन कुणाचा हे त्याला कळलं असतं.

“काकांना सांग,” तो निघता निघता ओरडला, “जिंकलो म्हणावं एकदाचा!”

“सांगते,” ती म्हणाली.

खिडकीची काच वाफेने धूसर झाली होती. तिच्यातून हिरवा ठिपका काही पावलं दिसला, मग पुष्कळ हिरव्या ठिपक्यांत मिसळला. गाणं मात्र बराच वेळ ऐकू येत राहिलं. चांगलं गाणं होतं. कुणावर रागवावं असं त्यात काहीच नव्हतं.

आत्याने येऊन दार लावलं. तिच्या हातातला डाव काढून घेतला, एक ताटली भरली आणि शेगडीजवळच्या टेबलावर, त्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली.

“बस.”

“आत्या, हिरव्यांच्या टेबलाचं वाढायचंय अजून.”

“ते थांबतील. जिंकलेत ते.”

ती बसली. पाव मोडून सुपात बुडवला, एक घास खाल्ला. मग दुसरा. त्या दिवशी, सगळ्या थंडीत पहिल्यांदा, मीठ बरोबर पडलं होतं.