तिसरी ओळ

मोबाईल उलटे ठेवा, नाहीतर मी झोपायला चाललो. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत घडलंय हे. मागच्या वर्षी, मार्चमधला दुसरा मंगळवार, रात्रीचा एक चाळीस.

मेव्हणा दवाखान्यांची सॉफ्टवेअर सांभाळतो. रात्री दवाखाने बंद झाले की नवं सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवायचं. ते काम एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, करते. ती आधी सेटिंगच्या फाइली एकामागून एक वाचते, सगळ्यात शेवटच्या फाइलीत लिहिलंय तेच करते आणि कुठली फाइल वाचली याची नोंद ठेवते. अक्कल शून्य, पण प्रामाणिक. आपल्यातल्या पुष्कळांपेक्षा बरी.

तीन वर्षांपूर्वी त्या स्क्रिप्टने एका दवाखान्यातल्या सगळ्या रुग्णांचे रिपोर्ट पुसून टाकले. मेव्हण्याच्या वरिष्ठाला सगळे दादा म्हणत. दादाने मीटिंगमध्ये ती नोंद पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचली. पहिली फाइल सगळ्यांची. दुसरी मेव्हण्याची. तिथे थांबला. खापर मेव्हण्याच्या माथी फुटलं. बढती गेली, कायमची रात्रपाळी आली. नोकरी तेवढी दादाने शब्द टाकून वाचवली, म्हणून हा गडी त्याला देव मानायचा. नोंद स्वतः उघडून बघावी असं याच्या मनातही आलं नाही. दादा आजारी पडला तेव्हा शेवटपर्यंत चमच्याने पाणी यानेच पाजलं.

तर त्या रात्री जुन्या नोंदी कायमच्या पुसायचं काम होतं. पुसण्याआधी एकदा बघू, म्हणून त्याने ती नोंद उघडली. दादासारखंच बोट ठेवून वाचू लागला. पहिली, सगळ्यांची. दुसरी, माझी. हात पुसायच्या बटणाकडे गेला...

"तिसरी..."

शेजारच्या खुर्चीतून. आवाज दादाचा.

दादाला जाऊन आठ महिने झाले होते.

मेव्हण्याने मान वळवली नाही. पान खाली सरकवलं. तिसरी ओळ होती. दादाच्या फोल्डरमधली फाइल. आत एवढंच... जुने रिपोर्ट पुसा: हो.

"मी तुला पाणी पाजत होतो," मेव्हणा म्हणाला. "तेव्हा तरी सांगायचंस."



भीती नाही वाटली, म्हणतो. रडू आलं. शिक्षेचं काही नाही, पण ज्याला देव मानलं त्यानेच गळा कापला.

सकाळी साहेबांनी नोंद पाहिली, त्याचं नाव साफ झालं. पण पडद्यावर, तिसऱ्या ओळीच्या जागी, बोटाचा ठसा होता. मेव्हण्याने कापडाने पुसला. ओल्या कापडाने पुसला. जाईना.

ठसा काचेच्या आतल्या बाजूने होता.