एकविसावी बाटली

तसं काम साधंच होतं. संध्याकाळी तळ्यात बाटल्या लावायच्या, सकाळी काढायच्या, आत शिरलेले पाणभुंगेरे मोजून परत सोडून द्यायचे. पिवळ्या किनारीचा एक जरी भुंगेरा जिवंत सापडला, तर तळं बुजवणं थांबणार होतं. ती सकाळ शेवटची होती. त्यानंतर मातीचे ट्रक येणार होते.

बाटली काठीला तिरकी बांधतात, पण पूर्ण बुडवत नाहीत. वरच्या अंगाला चार बोटं हवा राखायची. हे किडे पाण्यात राहत असले तरी त्यांना हवा लागते.

रात्री पाऊस झाला. सकाळी बघते तर तळं वीतभर चढलेलं. गाठी मी पक्क्या मारल्या होत्या, बाटल्या पाण्याबरोबर वर सरकणार नव्हत्या. म्हणजे ज्यांना वाचवायला आले, त्यांना मीच बुडवून मारलं होतं. मला रडू फुटलं.

तशीच धुक्यात उतरले. कुजक्या पानांचा वास होता, एकही बेडूक ओरडत नव्हता. पहिली बाटली चाचपली... ती वीतभर वर सरकलेली होती. आत हवा होती, आणि पिवळ्या किनारीचे तीन भुंगेरे मजेत फिरत होते. पुढच्याही सगळ्या तशाच. गाठी मात्र माझ्या नव्हत्या. माझ्यापेक्षा सुबक होत्या.

काठावर तळ्याचा पंप सांभाळणारे काका उभे होते.

"काका, रात्री तुम्ही उतरला होतात?"

"मी? माझ्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय."

"मग या वर कुणी घेतल्या?"

"किती लावल्या होत्या, ताई?"

"वीस."

"मग वीसच मोजा... तुमच्या आधी मोजायला यायच्या त्या बाई वीसलाच थांबायच्या."

असं सांगितल्यावर कोण थांबेल? मी तरी नाही.

एकविसावी मधोमध होती, गळ्याइतक्या पाण्यात. आमच्या बाटल्या प्लॅस्टिकच्या. ही जाड हिरव्या काचेची, पण गाठ तशीच सुबक. आत किडा नव्हता, काहीच नव्हतं. फक्त हवेच्या भागात काचेवर वाफ धरत होती... विरत होती... पुन्हा धरत होती.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. तरी मी बाहेरून काचेला बोट टेकवलं.

आतून, वाफेवर, बरोबर त्याच जागी एका बोटाचा ठसा उमटला.