तांदळाच्या डब्यातली बाहुली

गुरुवारी रात्री सात चाळीसला हे सगळं सुरू झालं. माझे मिस्टर, गुरुप्रसाद, कट्टा गावच्या स्टॉपवर एसटीतून आलेलं पार्सल घेऊन घरी आले. बांद्याच्या नणंदेने पाठवलेलं. शर्मिष्ठाताई बाहुल्या करतात. आमची गौरजा सात महिन्यांची आहे, तिच्या फोटोवरून हुबेहूब बाहुली केली होती. तळहाताएवढी. मनगटाची वळी, नखं, ओठाच्या कडेला सुकलेलं दूधसुद्धा. हातात घेतली तर मान सावरावीशी वाटे.

शेजारच्या राधाबाई बघायला आल्या. गौरजा माझ्या कडेवर रडत होती, तिच्याकडे कोणी बघेना.

सासूबाई बाहुली मांडीवर घेऊन म्हणाल्या, "ह्यां बरां गो. रडणां नाय, दूध मागणां नाय."

"आवशीपेक्षा आत्येनच चेडू बरां केल्यान," राधाबाई हसल्या.

आईपेक्षा आत्यानेच पोर चांगली केली, म्हणे. मीही हसले. पण मग सासूबाईंनी काजळाचं बोट बाहुलीच्या गालाला लावलं. गौरजेला तीट लावायची राहिलीच. रोज न चुकता लावतात.

लिहायला लाज वाटते, पण मला त्या बाहुलीचा मत्सर वाटला. माझ्या लेकीच्या वाट्याचं ती घेत होती.

साडेदहाला सगळे निजल्यावर मी तिला तांदळाच्या डब्यात घातली. पालथी. वर मूठभर तांदूळ ओतले. झाकण दाबून बसवलं. मग मला छान झोप लागली.

दोन वाजून पाच मिनिटांनी जाग आली. कसला आवाज नव्हता. गौरजेचं नाक रात्रभर घुरघुरतं. तेही नाही.

हात लावला. थंड.

यांनी उठून लाइट लावली. तिला उचललं, पाठीवर थापट्या मारल्या. ओठ निळे...

"कावेरी... ही श्वास घेना नाय गो..."

मला डबा आठवला. का आठवला, सांगता येत नाही. धावले. झाकण निघेना. उलथनं घातलं. निघेना. दातांनी ओढलं...

निघालं.

तांदळात हात घातला. तिला वर काढली.

आणि आतल्या खोलीत गौरजा रडली.

मी दारात पोचले तर सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "रडांदे," म्हणाल्या. "रडांदे तिका."

सकाळी डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, काही नाही, बाळ ठणठणीत आहे. घरी आणून उजेडात बघितलं, तर तिच्या डाव्या गालावर बारीक बारीक खळगे होते. तांदळाच्या दाण्यांचे. दुपारपर्यंत गेले नाहीत.

आता बाहुली गौरजेच्या शेजारीच निजते. संध्याकाळी मी दोघींना तीट लावते. आधी बाहुलीला.

कोणी आपल्या बाळाच्या फोटोवरून अशी बाहुली करून घेतली असेल, तर त्या बाळाच्या आईपर्यंत एवढं पोचवा. आवडली नाही तरी बाहुलीला बंद करून ठेवू नका.