उजवी सीट उचलेना

ही घटना खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या. सोलापुरात शुक्रवार पेठेत जाऊन सुकन्याचं घर विचारलंत तर कुणीही दाखवेल. फक्त तिच्यासमोर "भास झाला असेल" असं म्हणू नका. ती हातात पाना घेऊनच बोलते.

आणि असली प्रकरणं रात्रीच होतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हे जरूर वाचावं.

हे घडलं भर दुपारी. गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला, दीड ते चारच्या दरम्यान.

सुकन्या ही बसप्पा मेस्त्रींची एकुलती एक मुलगी. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर. मेस्त्रींनी पस्तीस वर्षं गाड्यांची इंजिनं बांधली. त्यांनी बांधलेलं इंजिन पुन्हा उघडावं लागत नाही, असं लोक छातीठोक सांगायचे.

मग या घटनेच्या तीन वर्षं आधी मोडनिंबच्या सयाजीची व्हॅन आली. पुढच्या सीटखाली इंजिन असतं ना, ती जुनी पांढरी व्हॅन. मेस्त्रींनी तिचं इंजिन नव्यानं बांधून दिलं आणि सयाजी खुशीत घरी गेला.

अकराव्या दिवशी हायवेवर, चालत्या गाडीत इंजिन जाम झालं. मागची चाकं जागच्या जागी अडकली. मागून येणाऱ्या ट्रकला ब्रेक लावायलाही वेळ मिळाला नाही.

सयाजी उजव्या सीटवर बसल्या बसल्या गेला.

दिवसकार्य उरकल्यावर त्याची बायको सोनाबाई पेठेत आली. मेस्त्रींच्या दारात उभी राहून ओरडली, "तेलाचा नट ढिला सोडलास, मेस्त्री! माझा माणूस खाल्लास!"

सगळी गल्ली ऐकत होती. त्या दिवसापासून मेस्त्रींनी पाना उचलला नाही. दिवसभर कॉटवर बसून एकच विचारायचे, "सुकन्या, मी नट आवळला होता की गं... आवळला होता ना?"

आठ महिन्यांत तेही गेले.

बाप गेला याचं दुःख होतंच. पण बाप स्वतःवर संशय घेत गेला, याचा सुकन्याला संताप होता. म्हणून सोनाबाई व्हॅन भंगारात घालतेय असं कळलं, तेव्हा तीच जाऊन ती घेऊन आली. टो करून आणली आणि दारापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली. तिनं ठरवलं होतं, इंजिन स्वतः उतरवायचं आणि उघडायचं. अप्पांची, म्हणजे मेस्त्रींची, चूक निघाली तर मान्य करायची. नाही निघाली तर अख्ख्या पेठेला ऐकवायचं.

आता इंजिन काही तिनं कधी उतरवलं नव्हतं. लहानपणी अप्पांच्या हातात पाने दिले होते, तेवढाच अनुभव. मदतीला अप्पांचे गॅरेजमधले जोडीदार मुबीनचाचा येणार होते. त्यांचा सकाळीच फोन आला.

"बेटा, आज नको. खंडेनवमी आहे, हत्यारं पूजेला बसलीत. आज पाना उचलायचा नसतो. बसप्पानं पस्तीस वर्षांत कधी उचलला नाही, मी पण नाही."

"चाचा, मला दोनच दिवस सुट्टी आहे."

"आणि बेटा, त्या गाडीत माणूस गेलाय..."

"त्याच गाडीपायी माझ्या घरातला पण गेलाय की!"

चाचा म्हणाले, "ऐकणार नाहीसच तू. फोन चालू ठेव, मी सांगत जातो."

आई अक्कलकोटला मावशीकडे गेली होती. घरात सुकन्या एकटी. अप्पांची हत्यारं तिनं सकाळीच पाटावर मांडली होती. हळदकुंकू, झेंडूची फुलं, सगळं नीट. दीड वाजता तिनं पाटाला हात जोडले.

"रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा," ती म्हणाली, आणि चौदा नंबरचा पाना उचलला.

आधी तिनं बॅटरी काढून पायरीवर ठेवली. मग गाडीखाली आडवी होऊन तेलाचा नट खोलायला घेतला. नट इतका घट्ट होता की पान्याला पाइप लावून जोर द्यावा लागला. निघाला तसं तेल पडायला लागलं. काळंकुट्ट, जाड. घमेलं निम्म्यावर भरलं.

तिनं ओरडूनच चाचांना सांगितलं.

"तेल भरपूर होतं?" चाचा म्हणाले. "मग नटाची चूक नाही, बेटा. पण मग जाम कशानं झालं? बेअरिंग उलटी बसली असेल... तेलाचा रस्ता बंद राहिला असेल... ते पण बांधणाऱ्याकडंच येतं."

सुकन्यानं घमेलं बाजूला सरकवलं. इथंच थांबता आलं असतं. नट घट्ट होता, एवढं गल्लीत सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण तिला अर्धवट काही जमत नाही, हा तिचा जुना स्वभाव.

इंजिन खाली सोडायचं तर आधी पुढच्या दोन्ही सीटा काढाव्या लागतात. डावी सीट तिनं बोल्ट खोलून एका हातानं बाहेर ठेवली.

उजव्या सीटचेही बोल्ट हातानंच निघाले. तिनं सीट उचलली...

उचलेना.

एखादा बोल्ट राहिला असेल म्हणून टॉर्च मारून पाहिलं. एकही नव्हता. पुन्हा जोर लावला. सीट जराशी हलली... आणि परत खाली बसली. बसलेल्या माणसानं बूड सावरून घ्यावं, तशी.

सीटच्या मधोमध खळगा पडला होता.

तिच्या डोळ्यांदेखत तो खळगा खोल झाला. आतली स्प्रिंग वाजली... कुर्र...

आणि मग काहीच वाजेना.

शेजारचा कूलर घरघरत होता, तो आवाज थांबला. कोपऱ्यावरच्या घरातला टीव्ही थांबला. लाइट गेली असेल म्हणून तिनं दारातून आत पाहिलं...

पंखा फिरत होता. जोरात फिरत होता. फक्त त्याचा आवाज येत नव्हता.

फोनच्या स्क्रीनवर चाचांचा कॉल चालू होता. सेकंद पुढं सरकत होते. फोनमधूनही काही ऐकू येत नव्हतं.

सुकन्या खोटं बोलत नाही. ती सांगते, एकदा ती उंबऱ्याकडे पळायलाही वळली होती. पण पाटावरच्या हत्यारांत मधली एक जागा रिकामी दिसली. तिथला पाना तिच्या हातात होता. त्याला पाहून भीतीच्या जागी राग आला.

ती परत व्हॅनपाशी आली.

"सयाजीभाऊ, उठा," ती म्हणाली.

काही नाही.

"तुम्ही गेलात, वाईट झालं. मी पण रडले तुमच्यासाठी. पण तुमच्यामागं माझा बाप रोज थोडा थोडा मेला, ते बघायला तुम्ही नव्हता. मी होते. त्याची चूक असली तर ह्याच गाडीपुढं तुमच्या पाया पडेन. पण बघणार. उठा."

खळगा तसाच.

"नाही उठत? मग तुमच्यासकट उचलते."

तिनं कोपऱ्यातली पहार आणली, सीटखाली सारली आणि सगळं अंग टाकून दाबली. सीट इंचभर वर आली. भरल्या अंगाच्या माणसाइतकं वजन होतं. हात सुटतील असं झालं, तरी तिनं पहार सोडली नाही.

आणि अचानक वजन गेलं...

सीट तिच्यासकट मागं कोसळली. त्याच क्षणी पंखा, कूलर, टीव्ही, सगळ्यांचा आवाज एकदम कानावर आला. फोनमध्ये चाचा "हॅलो, हॅलो" करून दमले होते.

"सीट निघाली, चाचा. पुढचं सांगा," ती धापा टाकत म्हणाली. जास्त काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चाचांनी धावत येऊन कामच बंद पाडलं असतं.

तिनं ती सीट शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून कामाला लागली. पुढचा दीड तास नुसती मेहनत. पाइप, वायरी, मग इंजिन धरून ठेवणारे मोठे बोल्ट. खाली जॅक लावला, जुना टायर टाकला आणि जॅक हळूहळू सोडला. इंजिन न डगमगता टायरवर टेकलं. तिला हसूही आलं आणि रडूही. हे बघायला अप्पा हवे होते.

मग तिनं इंजिन आडवं केलं, तळाचं तेलाचं चेंबर उघडलं आणि फोनचा कॅमेरा चालू केला. चाचा बघत होते.

चेंबरमध्ये एक छोटी जाळी असते. इंजिनला जाणारं सगळं तेल त्या जाळीतून जातं. ती बंद पडली की चेंबरमध्ये तेल असूनही इंजिन कोरडं पडतं.

जाळी गच्च बुजली होती.

तिनं नखानं खरवडलं. काळ्या चिखलाखाली पिवळं निघालं. नाकाशी नेलं... जळक्या तेलाच्या आत हळदीचा वास.

भंडारा!

चेंबरच्या कोपऱ्यात खोबऱ्याचे दोन तुकडेही होते.

"या अल्ला," चाचा म्हणाले. "कुणीतरी वरचं झाकण काढून देवाचा भंडारा इंजिनात ओतलाय. नवं इंजिन म्हणून. बेअरिंगा बघ, सगळ्या बरोबर बसल्यात. बेटा, बसप्पाची काही चूक नव्हती. काही नव्हती!"

सुकन्या जाळी हातात धरून बसून राहिली. तीन वर्षांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

तेवढ्यात व्हॅनमधून आवाज आला...

कर्र... कर्र... कर्र...

स्टार्टर.

बॅटरी पायरीवर होती. किल्ली घरात खिळ्याला. स्टार्टर तर इंजिनालाच लागलेला, आणि इंजिन तिच्या पुढ्यात टायरवर. व्हॅनच्या पोटात नुसतं भगदाड होतं.

"गाडी कोण चालू करतंय?" चाचांनी फोनवरून विचारलं.

म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं.

सुकन्याला तेव्हा उमगलं. हा माणूस स्वतःसाठी अडून बसला नव्हता. नव्या इंजिनात भंडारा घालणारं त्याच्या घरात बायकोशिवाय दुसरं कोण होतं?

"कितीही चालू करा," ती व्हॅनकडे बघून म्हणाली. "इंजिन माझ्याकडं आहे."

कर्र... कर्र...

तिसऱ्यांदा तो आवाज विनवणी केल्यासारखा आला, असं ती सांगते. त्या वेळी तिला भीतीपेक्षा कीव आली. तरी ती म्हणाली, "नाही. तुम्हाला तुमची बायको, तसा मला माझा बाप."

मग आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी दसरा. ती जाळी डब्यात घालून मोडनिंबला गेली. सोनाबाईनं झाकण उघडलं, वास घेतला आणि मटकन खाली बसली.

"मीच घातला. ह्यास्नी म्हनलं, नवं इंजिन हाय, देवाचा भंडारा पोटात असू द्या. हे हसले. नगं म्हनले न्हाईत."

सुकन्यानं तीन वर्षं बोलायचं साठवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. पण "जाऊ द्या, झालं गेलं" असंही ती म्हणाली नाही.

"वहिनी, तुम्ही ओरडला होता आमच्या गल्लीत," ती म्हणाली. "सांगायला पण गल्लीतच या."

सोनाबाई आली. त्याच दिवशी, त्याच दारात उभी राहिली. बाया सोनं वाटत हिंडत होत्या, त्या थांबल्या. मुबीनचाचाही येऊन थांबले होते.

"मेस्त्रीची चूक न्हवती," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी चुकले. माझ्याच हातानं झालं."

चाचांनी डोळे पुसले. सोनाबाईनं चौकटीला हात टेकला.

"वहिनी, बसा की," सुकन्यानं भिंतीकडे हात केला. शेडमधल्या डाव्या सीटवर काढलेल्या पाइप-वायरींचा ढीग होता, बसायला तेवढी उजवी सीट होती.

सोनाबाईनं सीटकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सीटच्या शेजारी, खाली फरशीवर बसली.

"अहो, खाली कशाला? सीट मोकळी आहे की."

"मोकळी कुटं हाय?" सोनाबाई म्हणाली.

त्या रात्री झोप लागली नाही, हे सुकन्या कबूल करते. याला वर्ष होत आलं. इंजिन तिनं स्वतः बांधलंय, फक्त गाडीत बसवायचं राहिलंय. सीट अजून भिंतीलाच आहे. मधला खळगा कधी असतो, कधी नसतो. का, ते चाचांनाही सांगता येत नाही. ते म्हणतात, जुनी सीट टाकून दे, नवी घाल. सुकन्या ऐकत नाही.

"सयाजीभाऊंना यायचं तर डावीकडं बसावं," ती म्हणते. "गाडी मी चालवणार."

हे बोलताना ती आवाज मुद्दाम चढवते, भिंतीपर्यंत जावा इतका.