जांभळ्या गाठी

"पाएंग, तुझी चप्पल परत आली!"

निंगनिंगची हाक ऐकून पाएंग वाळूतून धावत आला आणि बघतच राहिला. डाव्या पायाची निळी चप्पल, पट्ट्याला त्यानेच मारलेला तारेचा टाका! काल पट्टा कायमचा तुटला, म्हणून त्याने ती स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या पोत्यात टाकली होती.

"भुतानं आणली!" छोटी इकांग डोळे मोठे करून म्हणाली.

"मग त्याला नवा जोड आणायला काय झालं होतं?" पाएंग म्हणाला.

निंगनिंग मात्र हसली नाही. चपलेभोवती बाटल्या, पिशव्या, जाळ्यांचे तुकडे, सगळा कालचाच कचरा पसरला होता. तोही नेमका बांबूच्या चार काठ्यांपाशी! त्या काठ्यांमध्ये वाळूखाली कासविणीची अंडी होती. गेल्या वर्षी पिल्लं समुद्राकडे निघाली आणि वाटेतच जाळ्यांत अडकून मेली. निंगनिंग रडत रडत एकेक सोडवत होती, पण उशीर झाला होता. या वर्षी एकही पिल्लू अडकू द्यायचं नाही, म्हणून सुट्टी लागल्यापासून तिघं रोज किनारा झाडून काढत होती. आणि अंडी आता कधीही फुटणार होती!

"समुद्रानंच परत फेकला असेल," पाएंग म्हणाला.

"भरतीची रेघ बघ की! शेवाळ तिकडे खाली संपलंय, कचरा इथे वर. आणि चप्पल ओली आहे का?"

"छे! ठणठणीत कोरडी!"

तिघं होड्यांच्या छपराकडे पळाली. काल भरून, बांधून ठेवलेली पोती रिकामी होती. नीट घडी घालून एकावर एक रचलेली!

"भूत फारच टापटिपीचं दिसतंय," पाएंग पुटपुटला.

तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा लावलेली तीनचाकी फटफटत गेली. गावचे पंच बेर्तिंगकाका आठवडाभर एकच घोषणा करत होते. "रविवारी शहरातून बसभर स्वयंसेवक आपला किनारा साफ करायला येणार! फोटोवालेही येणार! सगळ्यांनी हजर राहावं!"

मुलांनी कचरा पुन्हा भरला. शनिवारी सकाळी तो पुन्हा किनाऱ्यावर!

"रात्री पहारा देऊ या!" पाएंग म्हणाला.

"लोला पाय मोडून हातात देईल!" निंगनिंग आजीला ओळखून होती. मग एकाएकी तिचे डोळे चमकले. लोला सिद्रा कोनफळाची मिठाई करायची आणि त्यात घालायच्या जांभळ्या रंगाची बाटली फडताळात होती. "तो रंग दोन दिवस निघत नाही. खोबरेल तेलात कालवून पोत्यांच्या गाठींना फासू या!"

"आणि मग गावभर लोकांचे हात कसे बघायचे?"

"उद्या रविवार आहे, बावळटा! प्रार्थना सुटल्यावर आपण काय करतो?"

त्या संध्याकाळी पोती पुन्हा भरून त्यांनी गाठींना रंग फासला. रविवारी पहाटे किनारा पुन्हा घाण झालेला होता. पण आज तिघं खुशीत होती! चर्चच्या दारात ती रांगेत उभी राहिली आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला "मानो पो!" म्हणत, आशीर्वादासाठी त्याचा हात कपाळाला लावू लागली.

"काय गुणी लेकरं!" बायका कौतुकाने म्हणाल्या.

कोळ्यांचे हात स्वच्छ. बेकरीवाल्याचे स्वच्छ. मास्तरांच्या बोटाला नुसती शाई. शेवटी बेर्तिंगकाका आले, दोन्ही हात खिशात घालून.

"मानो पो, काका!"

"हो हो, देव भलं करो. जा, खेळा!"

सगळी गडबड थांबली. लेकराने आशीर्वाद मागावा आणि मोठ्याने हात देऊ नये? असं गावात कधी घडलं नव्हतं!

"बेर्तिंग," लोला सिद्रा करड्या आवाजात म्हणाली, "पोरगी वाकून उभी आहे."

बेर्तिंगकाकांना घाम फुटला. हळूच हात बाहेर आला. पाची बोटं जांभळी!

"सापडला!" इकांग किंचाळली.

"अरे, मी तरी काय करू?" काका काकुळतीला आले. "या पोरांनी किनारा ताटासारखा लख्ख करून ठेवला! पाहुणे उचलणार काय? फोटोत काय दाखवणार?"

"आणि बांबूच्या काठ्या नाही दिसल्या तुम्हाला?" निंगनिंग पुढे येत म्हणाली. "खाली अंडी आहेत, काका! गेल्या वर्षी मेलेली पिल्लं मी या हातांनी उचललीत!"

काकांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुम्ही खेळायला रोवल्यात," ते कसेबसे म्हणाले. "चुकलं माझं."

"पाहुण्यांना कचराच हवा ना?" पाएंग म्हणाला. "मग खाडीच्या तोंडाशी न्या! तिथं होडी वल्हवता येत नाही इतका आहे."

आता मात्र सगळा गाव कामाला लागला. बस येईपर्यंत कोळ्यांनी किनारा झाडून काढला, पोती थेट कचऱ्याच्या गाडीत चढवली. पाहुणे खाडीत गुडघाभर चिखलात उतरले आणि संध्याकाळपर्यंत उचलून उचलून दमले.

सूर्य बुडता बुडता काठ्यांमधली वाळू हलली. एक इवलंसं डोकं वर आलं. मग दुसरं, मग सगळी गर्दीच! बेर्तिंगकाकांनी तीनचाकीचा दिवा विझवला. एरवी भोंग्यावर ओरडणारा तो माणूस ओठांवर जांभळं बोट ठेवून सगळ्यांना गप्प करत होता. पिल्लं धडपडत, थांबत पाण्याकडे निघाली. वाटेत एक पिशवी नव्हती, एक दोरा नव्हता. शेवटचं पिल्लू लाटेत शिरलं तेव्हा निंगनिंग पुन्हा रडत होती, पण हसतसुद्धा होती.

"शाब्बास, पोरांनो!" लोला म्हणाली. "एवढ्यासाठी माझा रंग संपवलात, तरी माफ."

बेर्तिंगकाका पुढे आले आणि त्यांनी आपण होऊन हात पुढे केला. निंगनिंगने तो कपाळाला लावला, पाएंगनेही लावला. इकांगने मात्र आधी हात उलटसुलट करून पाहिला, बोटं एकेक तपासली आणि मगच ती वाकली.